पिल्लाचे दात येताना चावायला काय द्यावं आणि काय देऊ नये

तीन-साडेतीन महिन्यांच्या पिल्लाला चपलेचा पट्टा, सोफ्याचा कोपरा, पायजम्याची नाडी आणि तुमचं बोट, सगळं सारखंच. त्याच्या हिरड्या ठणकत असतात, शिवशिवत असतात, आणि काहीतरी दाताखाली दाबलं की त्याला बरं वाटतं. त्यामुळे ‘चावू नको’ म्हणून कितीही ओरडा, ते चावणारच. त्याच्या तोंडात काय जावं एवढंच आपल्या हातात असतं, पण ते मात्र पूर्णपणे आपल्याच हातात असतं.

नागपुरात पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्या घरांसाठी हे लिहिलं आहे. पिल्लू लॅब्रेडोर असो, पॉमेरेनियन असो की गल्लीतून उचलून आणलेलं गावठी, दात सगळ्यांना सारखेच येतात. चावायची वस्तू चांगली की वाईट हे तिच्या किमतीवरून कळत नाही, ते तुमच्या अंगठ्याच्या नखाने कळतं. ते कसं, हे दुसऱ्या पायरीत सांगितलं आहे. आणि पेट शॉपमध्ये जाण्याआधी घरातला फ्रिज उघडा. निम्मं काम तिथेच होतं.

पायरी १: दातांचं वेळापत्रक समजून घ्या

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते यायला लागतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे पिल्लू आईपासून वेगळं होण्याच्या सुमारास, सगळे आलेले असतात. सुईसारखे टोकदार. कुणी खेळता खेळता हात दिला असेल तर त्याला ते चांगलेच माहीत असतील.

साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हे दात पडायला लागतात. आधी पुढचे बारीक दात, मग पाचव्या-सहाव्या महिन्यात सुळे आणि बाजूचे दात. मागच्या मोठ्या दाढा दुधाच्या नसतातच, त्या थेट कायमच्या येतात. सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत तोंडात ४२ कायमचे दात असतात: वर २० आणि खाली २२. म्हणजे तुमची खरी परीक्षा साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यापर्यंत आहे. ती कायमची नाही, हे घरातल्या वैतागलेल्या माणसांना आधीच सांगून ठेवा.

या काळात खेळण्यावर रक्ताचा लालसर डाग दिसतो, लाळ जास्त गळते, तोंडाला वेगळाच वास येतो, कधी फरशीवर तांदळाएवढा दात सापडतो. बऱ्याचदा तो सापडतही नाही, कारण पिल्लाने तो गिळलेला असतो. त्याने काही बिघडत नाही. एखाद्या दिवशी कोरडं खाद्य नको म्हणेल. ते कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून दिलं की खातं.

पण उलट्या, पातळ किंवा रक्ताची शी, ताप, एका कोपऱ्यात मलूल पडून राहणं, यातलं काहीही दिसलं तर ‘दात येताहेत, होतं असं’ म्हणून थांबू नका. माणसांच्या लेकरांबद्दल जे बोललं जातं ते इथे लावलं जातं आणि पार्व्होसारख्या आजारात मोलाचे तास वाया जातात. पार्व्हो लहान पिल्लांना दोन-तीन दिवसांत संपवू शकतो. दात येण्याने पिल्लू चिडचिडं होतं, पण निपचित पडत नाही. निपचित पडलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

पायरी २: नखाची परीक्षा

कोणतीही वस्तू पिल्लाला देण्याआधी अंगठ्याचं नख तिच्यात दाबा. खूण उमटली, थोडं तरी दबलं, तर ती चावायला ठीक. नख नुसतंच घसरलं तर ती वस्तू दातापेक्षा कडक समजा. दुसरी खूण म्हणजे ती वस्तू स्वतःच्या गुडघ्यावर मारून घ्यायची कल्पना करा. नुसत्या कल्पनेनेच कळ आली तर ती पिल्लाला नको.

यामागचं कारण असं. दुधाच्या दाताची भिंत पातळ असते. कडक वस्तूवर तो मोडला की आतली नस उघडी पडते, तिथून जंतू आत शिरतात आणि खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातालाही इजा होऊ शकते. पुढे कायमचे दात आले तरी धोका संपत नाही. वरच्या जबड्यात बाजूला जी मोठी कातरणारी दाढ असते, तिचा कपचा कडक हाडांवर आणि शिंगांवर उडतो. मग भूल देऊन दात काढणं किंवा त्याच्यावर उपचार करणं आलं.

नखानंतर माप. वस्तू पिल्लाच्या तोंडात पूर्ण मावता कामा नये. चावून चावून ती मावण्याइतकी लहान झाली की लगेच काढून घ्यायची, मग ती कितीही महागाची असो. पिल्लू झपाट्याने वाढतं, म्हणून तिसऱ्या महिन्यात योग्य असलेला चेंडू पाचव्या महिन्यात घशात अडकण्याच्या मापाचा झालेला असतो. दर पंधरा दिवसांनी सगळी खेळणी एकदा पाहून घ्या.

पोकळ खेळणं असेल तर त्याला दोन भोकं आहेत ना, हे बघा. एकच भोक असलेल्या खेळण्यात जीभ शिरली की आत निर्वात पोकळी होऊन ती ओढली जाते आणि अडकते. दुसऱ्या भोकातून हवा आत येत राहते, म्हणून तसं होत नाही.

पायरी ३: आज रात्रीच घरात करता येईल असं

सगळ्यांत सोपं आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगी म्हणजे ओला, गार कपडा. जुना सुती नॅपकिन किंवा पंच्याचा तुकडा घ्या, साध्या पाण्यात भिजवा, पिळून दोरीसारखा पीळ द्या, मध्ये एक गाठ मारा आणि तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर मिनिटभर थांबा, म्हणजे वरचा बर्फ जिभेला चिकटणार नाही. एक टोक तुमच्या हातात, दुसरं पिल्लाच्या तोंडात. गारव्याने हिरडीची सूज आणि ठणका कमी होतो आणि कापड दाताला मऊ लागतं. कपडा सैल पडला, धागे सुटायला लागले की काढून घ्या. चिकन उकडलेलं पाणी असेल तर त्यात भिजवला तरी चालेल, मात्र त्यात मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नको.

दुसरं गाजर. चांगलं जाड, अख्खं, धुऊन फ्रिजमध्ये गार केलेलं. फ्रीजरमध्ये दगड झालेलं गाजर नखाच्या परीक्षेत नापास होतं, ते देऊ नका. गोल चकत्याही नकोत, त्या घशात नेमक्या बसतात. तुकडा करायचाच असेल तर उभा करा. गाजराचे मोठे तुकडे न चावता गिळणारी हावरट पिल्लं असतात. आपलं पिल्लू तसं आहे का, हे पहिल्या दोन-तीन वेळा समोर बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. हिवाळ्यात गोकुळपेठच्या किंवा कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात चांगली गाजरं मिळतात. इतर महिन्यांत बारीक, वाकडी मिळाली तर ती सोडा आणि जाड काकडीचा उभा तुकडा द्या.

तिसरं, दह्याचं खेळणं. याला मऊ रबराचं पोकळ खेळणं लागतं, त्याबद्दल पुढच्या पायरीत. पिल्लाचं रोजचं खाद्य भिजवून मऊ करा किंवा शिजलेला भात घ्या, त्यात दोन चमचे साधं, बिनसाखरेचं दही आणि असेल तर उकडलेला लाल भोपळा कुस्करून घाला. हे सारण खेळण्यात भरा, तीन-चार तास फ्रीजरमध्ये ठेवा. पिल्लू ते चाटत, चावत अर्धा तास सहज रमतं. दही पहिल्यांदा देताना चमचाभरच द्या आणि दुसऱ्या दिवशीची शी पाहा. पीनट बटर भरायचं असेल तर डब्यावरचं लेबल वाचा: झायलिटॉल नावाची गोडी त्यात असेल तर ते कुत्र्यासाठी विष आहे.

आपल्याकडच्या उन्हाळ्याची यात एक अडचण आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, दह्याचं सारण बघता बघता विरघळतं आणि आंबतं, आणि त्यावर मुंग्या येतात त्या वेगळ्याच. असं खेळणं गच्चीत किंवा अंगणात देऊ नका. कूलरच्या खोलीत, फरशीवर, एका जुन्या पोत्यावर द्या, अर्ध्या तासाने उरलेलं फेकून द्या आणि खेळणं भांड्याच्या साबणाने आतून ब्रश फिरवून धुवा. उन्हाळ्यात टरबुजाचा लाल गरही चालतो, पण बिया काढून आणि साल न देता. तो चावायचा पदार्थ म्हणून फारसा टिकत नाही, गारव्यापुरता ठीक.

रताळ्याच्या पट्ट्या मला मनापासून आवडतात, कारण त्या चिवट असतात आणि त्यात काय गेलं आहे हे आपल्याला ठाऊक असतं. रताळं धुऊन उभ्या, साधारण एक सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्या करा आणि ओव्हनमध्ये १२० अंशांवर तीनेक तास ठेवा, मध्ये एकदा उलटा. चामड्यासारख्या वाकल्या पाहिजेत. कुरकुरीत होऊन तुकडे पडायला लागले तर जास्त झाल्या. ओव्हन नसेल तर किंचित वाफवून, आपण कुरडया-पापड घालतो तसं गच्चीवर पातळ कपड्याखाली वाळवता येतात, नागपूरचं ऊन त्याला पुरेसं आहे. फक्त संध्याकाळी आत आणायला विसरू नका. डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. मीठ, तेल, काही लावायचं नाही.

बर्फाचे मोठे खडे बरेच लोक देतात. मी देत नाही. ते कडक असतात, नख घसरतं. फोडून चुरा केलेला बर्फ पाण्याच्या भांड्यात टाकला तर हरकत नाही.

हे सगळं वरचं खाणं मिळून दिवसभराच्या आहाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त होऊ देऊ नका. वाढत्या पिल्लाला त्याचं मुख्य खाद्यच पोटभर मिळायला हवं.

पायरी ४: दुकानातून काय आणायचं

एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर पिल्लांसाठी म्हणून मिळणारं मऊ नैसर्गिक रबराचं पोकळ खेळणं घ्या. मोठ्या कुत्र्यांचं तेच खेळणं जास्त कडक असतं, म्हणून पाकिटावर ‘पपी’ लिहिलं आहे का आणि वजनाचा गट कोणता, हे वाचा. आणि दुकानातच, सगळ्यांसमोर, नख दाबून पाहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सुती दोरीचं खेळणं ओढाओढीला छान, पण तुम्ही दुसरं टोक धरलेलं असतानाच. त्याचे धागे पोटात गेले तर आतडं त्या धाग्यावर चुणत जातं आणि कापलंही जाऊ शकतं. ऑपरेशनशिवाय इलाज राहत नाही. खेळून झालं की दोरी कपाटात.

दुकानदार काउंटरवर सहज पुढे करतो ते मंचीज आणि पांढरी गाठ मारलेली हाडं ही वाळवलेल्या कातड्याची, म्हणजे रॉहाइडची असतात. ओली झाली की फुगतात, चिकट होतात, मोठा लगदा एकदम गिळला जातो आणि घशात किंवा आतड्यात अडकतो. पिल्लाला ती देऊ नका. कॅल्शियम बोन म्हणून जे विकलं जातं ते चांगलं खाद्य खाणाऱ्या पिल्लाला लागत नाही, आणि मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून जास्तीचं कॅल्शियम दिल्याने हाडांची वाढ बिघडू शकते. छुरपी, म्हणजे याकच्या दुधाचं वाळवलेलं चीज, मोठ्या कुत्र्यांतही जपून द्यायची गोष्ट. पिल्लाच्या दातांना ती फार कडक. म्हशीचं शिंग आणि खूर त्याहून कडक.

हरणाच्या शिंगाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या आजूबाजूला पेंच, ताडोबा, उमरेड असं जंगल आहे आणि चितळाचं गळून पडलेलं शिंग कुणीतरी आणून देतं. ते दात मोडतंच, शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ते जवळ बाळगणंही गुन्हा आहे. कितीही प्रेमाने दिलं तरी घेऊ नका.

टेनिसचा चेंडू फेकून आणायला ठीक, चावत बसायला नाही. त्याची लव दात घासून काढते, आणि जबड्यात दबलेला चेंडू घशाशी जाऊन फुगतो. शिट्टी असलेली स्वस्त प्लास्टिकची खेळणी पहिल्याच दिवशी फुटतात आणि शिट्टी पोटात जाते.

पायरी ५: आपल्या घरातलं जे कधीच द्यायचं नाही

रविवारचं मटण ही पहिली गोष्ट. ताटात हाडं उरली, खाली पिल्लू डोळे लावून बसलंय, आजोबा हळूच एक नळी टाकतात. कुत्र्याला हाड नाही द्यायचं तर काय, हा प्रश्न मी कित्येक घरांत ऐकला आहे आणि तो प्रेमापोटीच असतो. पण शिजलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या चिपा पडतात. त्या टाळूत, घशात, आतड्यात रुततात. कोंबडीची हाडं तर सुरीसारखी चिरतात. सावजीचं हाड असेल तर वर तेल, तिखट आणि कांदा-लसणाचा मसाला. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, आणि इतकं तेल स्वादुपिंडाला सुजवू शकतं. कच्चं हाडही पिल्लाच्या दातांना कडकच, आणि त्यावरचे जंतू घरातल्या लहान मुलांपर्यंत पोचतात. आजोबांना द्यायचंच असेल तर बिनमसाल्याचा उकडलेला, हाड काढलेला मटणाचा तुकडा वाटीत बाजूला काढून ठेवा, त्यांच्या हातूनच भरवू द्या. देण्यातला आनंदही राहतो आणि पिल्लूही वाचतं. ही एक सोय केली की घरातली भांडणं बरीच मिटतात.

पावसाळ्यात फुटाळ्यावर किंवा अंबाझरीला भुट्टे खाऊन दाणे संपलेली कणसं जिथे तिथे पडलेली असतात. पिल्लू ते तोंडात घेऊन मजेत चावतं आणि मोठा तुकडा गिळतं. तो पोटात पचत नाही, क्ष-किरणात नीट दिसतही नाही, आणि आतड्यात बुचासारखा बसतो. पट्ट्याला धरून चालवा आणि नजर खाली ठेवा. आंब्याच्या कोयी, बोरं आणि जांभळांच्या बिया यांचंही तेच. नारळाची करवंटी आणि लाकडाच्या काटक्या यांचे काटे सुटतात.

रस्त्यावर पडलेली खर्र्याची पन्नी मला सगळ्यांत जास्त भीतीदायक वाटते. आत तंबाखू आणि सुपारीचा चुरा, वरून प्लास्टिक. तंबाखूतलं निकोटिन लहान पिल्लाला थोडंसंही पुरतं: लाळ, उलट्या, थरथर, मग झटके. घरात कुणी खात असेल तर पन्नी सरळ झाकणाच्या डब्यात टाका.

संत्र्याबद्दल लोक विचारतात. बी आणि साल काढून एखादी फोड दिली तर बहुतेक पिल्लांना काही होत नाही, बरीच तर वासानेच मागे सरतात. साल मात्र चावायला देऊ नका, तिच्यातल्या तेलाने पोट बिघडतं. द्राक्षं आणि मनुका अजिबात नाहीत, थोड्याशानेही मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. दिवाळीच्या चिवड्यात मनुका असतात हे लक्षात ठेवा. चॉकलेटही नाही.

तान्ह्या पोळ्याला घरोघरी लाकडी बैल निघतात. सण झाला की बैल फरशीवर, आणि पिल्लाला ते आपल्याचसाठी आणलंय असं वाटतं. रंग पोटात जातो, लाकडाची चिपळी हिरडीत शिरते. पूजा झाली की बैल वर ठेवा.

जुनी चप्पल किंवा मोजा ‘खेळ बाळा’ म्हणून देऊ नका. जुनी चप्पल आणि नवा बूट यातला फरक पिल्लाला कळत नाही, आणि मोजे ते अख्खे गिळतं.

माणसांच्या बाळाला हिरडीवर लावायचं जेल, लवंगेचं तेल, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, काहीही लावायचं किंवा द्यायचं नाही. दुखणं फार वाटलं तर औषध डॉक्टरच ठरवतील.

पायरी ६: जमिनीवर बसून घर बघा

एकदा खरंच फरशीवर बसा आणि पिल्लाच्या उंचीवरून खोली पाहा. नागपूरच्या घरात एप्रिलपासून पहिली दिसते ती कूलरची वायर, खिडकीतून येऊन एक्स्टेन्शन बोर्डाला लागलेली. वायर वर बांधून टाका किंवा कडक पाइपमधून घ्या, आणि बोर्ड जमिनीवर नकोच. कूलरच्या जाळीतून निघणारं गवत पिल्लं ओढून काढतात, तो धागा पोटात अडकतो.

मग झाडं. कण्हेर, पांढरी, गुलाबी आणि पिवळीसुद्धा, अतिशय विषारी. पानाचा तुकडाही हृदयाची लय बिघडवतो. रस्त्याच्या दुभाजकांवर आणि अंगणांत ती सर्रास असते. कुंडीतलं सायकस, धोतरा आणि एरंडाच्या बियाही तितक्याच घातक. मनी प्लांट आणि डिफेनबाकियाने जीव सहसा जात नाही, पण तोंड भयंकर जळजळतं. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आणि उंदराचं औषध पिल्लू असेपर्यंत घरात नकोच.

टेबलाच्या पायाला लाल तिखट, डेटॉल किंवा फिनाइल लावण्याचा सल्ला मिळेल. तिखट डोळ्यांत जातं, बाकीची दोन विषारी आहेत. चावायच्या जागी अडसर ठेवा किंवा पिल्लासाठी मिळणारा कडू स्प्रे मारा.

पायरी ७: हिसकावू नका, अदलाबदल करा

पिल्लाने चप्पल धरली की आपण धावतो, ओरडतो, ओढतो. त्याला वाटतं खेळ सुरू झाला. वारंवार तोंडातून हिसकावलं तर पुढे ते वस्तू धरून गुरगुरायला शिकतं, किंवा घाईने गिळून टाकतं. त्यापेक्षा गाजर किंवा गार कपडा नाकाशी न्या, ते तोंड उघडेल त्या क्षणी ‘दे’ म्हणा, वस्तू घ्या आणि गाजर द्या. काही दिवसांत नुसत्या ‘दे’ वर सुटतं. हा शब्द पुढे कधीतरी खर्र्याच्या पन्नीवरही उपयोगी पडेल, म्हणून घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरा. आई ‘सोड’ आणि दादा ‘ड्रॉप’ म्हणाला तर पिल्लाने कुणाचं ऐकायचं?

चार-पाच खेळणी ठेवा, पण एका वेळी दोनच बाहेर. दोन दिवसांनी बदला, म्हणजे जुनंही नवं वाटतं. संध्याकाळी सातच्या सुमारास पिल्लं वेड्यासारखी धावतात आणि सगळ्यांना चावतात. बहुतेक वेळा ती थकलेली असतात. पिल्लाला दिवसात अठरा तास झोप लागते. गार खेळणं देऊन शांत कोपऱ्यात ठेवलं की अर्ध्या तासात डोळे मिटतात.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कुत्र्यांची चावलेली खेळणी देऊ नका, आणि पार्कात पडलेलं काही उचलू देऊ नका.

पायरी ८: काही बिघडलं तर

पिल्लाचा दात लागून रक्त आलं तर, ते आपलं, घरातलं, लाडकं असलं तरी, जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. पिल्लाला रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यानंतर मिळते, त्याआधीचा त्याचा इतिहास आपल्याला नेहमी माहीत नसतो. मेयो, मेडिकलसारख्या सरकारी रुग्णालयांत माणसांसाठी रेबीजची लस मिळते. हळद, चुना, तिखट लावून घरी बसू नका.

पिल्लू एकाएकी पंजाने तोंड खाजवायला लागलं, श्वास घेताना आवाज येतोय, हिरड्या निळसर पडल्यात, तर घशात काही अडकलंय. तोंड उघडून बघा. वस्तू समोर दिसत असेल तरच बोटाने बाजूने बाहेर ओढा, आंधळेपणाने बोट घातलं तर ती आत ढकलली जाते. लहान पिल्लाला डोकं खाली राहील असं धरून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने थापा मारा, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी गाडी काढायला सांगा. तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका, आतडं कापलं जाईल. पुन्हा पुन्हा उलट्या, खाणं बंद, शी बंद, पोटाला हात लावू न देणं ही आतडं अडल्याची लक्षणं आहेत.

वायर चावून शॉक लागला असेल तर पिल्लाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. उठून खेळायला लागलं तरी डॉक्टरकडे न्या, कारण फुप्फुसात पाणी काही तासांनीही साठू शकतं. विषारी काही खाल्लं तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. झाडाची फांदी किंवा औषधाचं पाकीट सोबत घेऊन निघा.

जवळच्या डॉक्टरांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या एका दवाखान्याचा नंबर आजच फ्रिजवर चिकटवा. सेमिनरी हिल्सवर १९५८ पासूनचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथला शिकवणीचा दवाखानाही लोकांच्या जनावरांसाठी आहे. वेळा आधी विचारून ठेवा.

पायरी ९: सात महिन्यांनंतर

पिल्लू सातव्या महिन्यात गेलं की दिवसा उजेडात त्याचे ओठ बाजूला सारून सुळे पाहा. एकाच जागी दोन सुळे, एक बारीक आणि एक जाड, शेजारी शेजारी दिसले तर दुधाचा सुळा पडलेला नाही. पॉमेरेनियन, शिह त्झू, पगसारख्या लहान जातींत हे बरेचदा होतं. दोन दातांच्या फटीत अन्न अडकून हिरडी सडते आणि नवा दात वाकडा येतो, म्हणून तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो. नसबंदीची भूल देणारच असाल तर त्याच वेळी काढून घेता येतो, तसं आधी सांगून ठेवा. सगळे दात जागेवर असतील तर पपीचं मऊ रबर आता बदला, कारण कायमच्या दाढा ते दोन दिवसांत फाडतील. त्याच खेळण्याचं मोठ्या कुत्र्यांचं माप आणा, आणि घरी आणल्यावर पुन्हा एकदा नख दाबून पाहा.